दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं

व्हर्नीस टॉलिव्हरची पहिली मोठी रेकॉर्ड पाच लाख घरांत गेली, हे पेपरात छापून आलं होतं. तिच्यावर दहा गाणी आहेत, हे कव्हरवर छापलेलं आहे. पण त्यातलं दहावं गाणं ईस्टरच्या आदल्या शनिवारी माझ्या दुकानात मरता मरता वाचलं, आणि त्याला मारायला निघालेल्या बायकांमध्ये सगळ्यांत पुढे मी होते, हे कुठेच छापलेलं नाही. त्या दिवशी दुकानात असलेल्यांपैकी आता मी एकटीच उरले आहे. म्हणून सांगते.

डेट्रॉइटमध्ये लिनवूड रस्त्यावर माझं केसांचं दुकान होतं. दोन खुर्च्या, मागच्या बाजूला केस धुवायचं बेसिन, आणि भिंतीला लागून सहा ड्रायर, म्हणजे डोक्यावर ओढून घ्यायचे ते गरम हवेचे मोठे टोप. साल १९६६. आमच्या काळ्या बायका तेव्हा कुरळे केस सरळ करून घ्यायच्या. छोट्या शेगडीवर पितळी कंगवा तापवायचा, पांढऱ्या कागदावर टेकवून बघायचा, कागद पिवळा पडला तर जरा थांबायचं, नाही पडला तर केसांतून फिरवायचा. यात मन दुसरीकडे गेलं की केस जातात, कान भाजतो. मी एकतीस वर्षं हे काम केलं आणि एवढ्या वर्षांत एकाच बाईचे केस जाळले.

व्हर्नीस एकोणिसाव्या वर्षी माझ्याकडे केस धुवायच्या कामाला लागली. आईबरोबर अलाबामाहून आलेली, उंच, हाडकुळी, बोलायला अगदी कमी. पण बेसिनपाशी उभी राहिली की गायची. नळाच्या आवाजात आपलं गाणं कुणाला ऐकू येत नाही असं तिला वाटायचं. बायका मुद्दाम म्हणायच्या, "इडेला, साबण राहिलाय गं डोक्यात, पुन्हा धुवायला सांग." साबण कसला राहतोय! त्यांना आणखी एक कडवं हवं असायचं.

एका बुधवारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ती बेसिन घासत होती आणि काहीतरी गुणगुणत होती. मी सगळी गाणी ओळखायचे, पण हे ओळखीचं नव्हतं.

"हे कुणाचं गं?" मी विचारलं.

"कुणाचं नाही. माझंच आहे."

"म्हणजे तू केलंस?"

"असंच आपलं. हात चालू असले की तोंड चालतं."

ते गाणं एका केस धुणाऱ्या बाईचं होतं. सहा दिवस सगळ्यांच्या माना मी तळहातावर झेलते, ती म्हणते, डॉक्टरणीची, शिक्षिकेची, आज लग्न आहे तिची आणि काल नवरा गेला तिची. कुणाची मान जड आहे आणि का जड आहे, ते मला कळतं. आता सातवा दिवस आला, माझी मान मी कुणाच्या हातात देऊ? एवढंच गाणं. त्यात ना प्रियकर, ना चंद्र. मी कंगवा पुसत उभी राहिले आणि तिला म्हटलं, "बेसिन झालं असेल तर फरशी पुस." दुसरं काय बोलणार? गळा भरून आला की मी लोकांना कामाला लावते.

सहा वर्षांनी होझिया गेदर नावाच्या माणसानं तिला चर्चमध्ये ऐकलं आणि आपल्या कंपनीत नेलं. कंपनी म्हणजे काय, तर एक बंद पडलेलं ड्रायक्लीनिंगचं दुकान, त्यात चार वादक आणि एक ध्वनिमुद्रणाचं यंत्र. गेदर आमच्यातलाच. त्याआधी नऊ वर्षं तो मोटारीच्या कारखान्यात तपासनीस होता, आणि तो कारखाना त्याच्या अंगातून कधी गेलाच नाही. खिशात वही, कानावर पेन्सिल. प्रत्येक गोष्टीला रकाना.

व्हर्नीसच्या दोन छोट्या रेकॉर्ड त्यानं काढल्या. दोन्ही दुकानांत धूळ खात पडल्या. मग त्यानं ठरवलं, शेवटचा प्रयत्न म्हणून दहा गाण्यांची मोठी रेकॉर्ड काढायची. ती चालली नाही तर व्हर्नीसनं पुन्हा बेसिनपाशी जायचं. आठ गाणी ठरली. उरलेल्या दोन जागांसाठी चार गाणी होती. तीन कंपनीच्या गीतकारानं लिहिलेली, आणि चौथं व्हर्नीसचं ते केस धुणाऱ्या बाईचं.

गेदरला ते नको होतं. तो तिला म्हणाला, "यावर नाचता येत नाही, याच्यावर प्रेमात पडता येत नाही. हे विकत कोण घेणार?" पहिल्यांदाच ती त्याच्याशी भांडली. शेवटी त्यानं तिला सांगितलं, "माझी तपासणी पास झालं तर घेईन. नापास झालं तर त्याचं नाव पुन्हा काढायचं नाही."

त्याची तपासणी माझ्या दुकानात व्हायची. त्याचं म्हणणं असं, की पुरुष बारमध्ये कशावरही मान हलवतात, त्यांच्यावर भरवसा ठेवता येत नाही. पण ड्रायरखाली बसलेल्या बाईच्या कानाशी घोंघाट चालू असतो. तेवढ्यातूनही एखादं गाणं आत शिरलं आणि तिनं हातानं टोप वर ढकलला, तर ते गाणं बाजारात चालणार. किती टोप वर गेले ते तो वहीत लिहायचा. सहापैकी चार गेले की गाणं पास. गाणाऱ्यानं त्या दिवशी दुकानाच्या आसपास फिरकायचं नाही आणि बायकांना आधी काही सांगायचं नाही, हे दोन नियम.

गुरुवारी व्हर्नीसचा फोन आला.

"इडेला, शनिवारी तो येतोय. चारही गाणी मीच गायलेली आहेत. तिसरं माझं."

"तुला कसं कळलं?"

"खोक्यावर नंबर घातलेत त्यानं. मी बघितलं." मग म्हणाली, "तू काही करू नकोस हं. नुसतं नीट ऐक."

मी म्हटलं, "मी कशाला काय करू?" आणि फोन ठेवून लगेच क्लोटीलला फोन लावला.

क्लोटील हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला होती. आवाज असा, की ती फोनवर बोलायची तेव्हा फोनची गरज नसायची. तिला मी सगळं सांगितलं.

"म्हणजे तिसरं गाणं लागलं की टोप वर करायचा. एवढंच?"

"एवढंच. आणि जरा आवाज कर."

"बाई, मला आवाज कर म्हणून सांगणारी तू जगातली पहिली."

शनिवारी सकाळी सातलाच दुकानाबाहेर रांग लागली होती. ईस्टरच्या रविवारी चर्चमध्ये नव्या टोपीखाली जुने केस चालत नाहीत, त्यामुळे त्या दिवशी अख्खी वस्ती आमच्याकडे असते. बायका दिवसभराच्या तयारीनं यायच्या. कुणी पावात घातलेला तळलेला मासा आणला होता, कुणी रताळ्याचा गोड केक. दुपारपर्यंत दुकानात मासा, तेल आणि तापल्या केसांचा वास असा काही मिसळला होता, की बाहेरून येणारा माणूस दारातच थबकायचा. मी आणि क्लोटीलनं मिळून सहाही ड्रायरखाली आपल्या बायका बसवल्या. सगळ्यांना पढवलं होतं. तिसरं गाणं. तिसरं.

एकीला तेवढं सांगितलं नव्हतं. त्या माझ्या खुर्चीतच होत्या. सिस्टर पेटीग्रू. आमच्या चर्चमध्ये मानाच्या बायकांना सिस्टर म्हणतात, आणि लोकांना जागेवर बसवणाऱ्या पांढऱ्या पोशाखातल्या बायकांच्या त्या प्रमुख. त्यांनी नुसतं बोट दाखवलं की दोनशे पौंड वजनाचे पुरुष बाकावर गुपचूप सरकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी हजार माणसांसमोर सगळ्या बायकांच्या पुढे त्यांनाच चालायचं होतं. त्यांच्यासमोर लबाडीची गोष्ट काढायची माझी हिंमत नव्हती. आणि त्यांना असली गाणी आवडतही नव्हती.

गेदर दोन वाजता आला. एका हातात रेकॉर्ड प्लेअर, दुसऱ्या हातात खोकं.

"मिस इडेला, बायका तयार आहेत?"

"कशाला तयार?" मी भोळेपणानं विचारलं.

"हा माणूस कोण?" सिस्टर पेटीग्रू आरशातून म्हणाल्या.

"गाणी ऐकवायला आलाय, सिस्टर."

"ईस्टरच्या आदल्या दिवशी? याला घर नाही का?"

गेदरनं टोपी काढून त्यांना नमस्कार केला आणि प्लेअर काउंटरवर मांडला. त्या नमुन्याच्या रेकॉर्ड असायच्या, मऊ, चार-पाच वेळा वाजवल्या की आवाज खरवडून निघायचा. त्यामुळे तो प्रत्येक गाणं एकदाच लावायचा. मी शेगडीकडे वळले होते, म्हणून मला एक गोष्ट दिसली नाही. त्यानं खोक्यातून चारही रेकॉर्ड काढल्या आणि पत्ते पिसतात तशा पिसल्या. तो नऊ वर्षं तपासनीस होता. कामगार आधीच नंबर बघून ठेवतात, हे त्याला माहीत नसेल तर कुणाला असणार?

पहिलं गाणं लागलं. दोन टोप वर गेले, आपण होऊन. चांगलं होतं. दुसऱ्याला एकही नाही. क्लोटील तर दुसऱ्या गाण्यात मासा खात होती आणि डोळ्यांनी मला विचारत होती, आता?

मी दोन बोटं दाखवली. थांब.

मग तिसरं. सुई टेकली की नाही, तोच क्लोटीलनं टोप असा ढकलला की तो भिंतीवर आदळला. "गा गं पोरी, गा!" तिच्यामागे उरलेल्या पाचही उठल्या. टाळ्या, पायांचा ठेका, "हे बघा गाणं!", "अहाहा, आधी का नाही लावलं?", एकीनं तर डोळे पुसले. खरे अश्रू होते की गरम हवेनं पाणी आलं होतं, देव जाणे. बाकावर वाट बघत बसलेल्या बायकाही काही माहीत नसताना सामील झाल्या. इतका गलका झाला की गाण्याचा एक शब्द कुणाला ऐकू आला नाही. मलाही नाही. मी हसत होते. गेदरच्या वहीत सहापैकी सहा पडले, हे मी लांबून बघितलं आणि मला स्वतःचा फार अभिमान वाटला.

गाणं शेवटाला आलं, बायका दमून खाली बसल्या, तेव्हा गलक्यातून शेवटची ओळ माझ्या कानावर पडली. ती लाल मोटारीतून फिरायला नेणाऱ्या कुणा पोराबद्दल होती.

हे व्हर्नीसचं गाणं नव्हतं.

मी क्लोटीलकडे बघितलं. तिनं मला डोळा मारला, काम फत्ते, आणि टोप डोक्यावर ओढून घेतला. बाकीच्या पाचजणींनीही. सहाच्या सहा. आणि त्या टोपाखाली काय ऐकू येतं ते मी सांगितलंच आहे. मी हात हलवला, पण त्यांचे डोळे मिटलेले होते. गेदरची नजर माझ्यावर होती. माझ्या हातात तापलेला कंगवा होता आणि कंगव्यात सिस्टर पेटीग्रूंचे केस होते.

चौथं गाणं लागलं.

त्यात सुरुवातीला वाद्यच नव्हतं. नुसती व्हर्नीस, माझ्या बेसिनपाशी गुणगुणायची तशी. मग हळूच पियानो, मग ढोल, तेही अगदी मागे, दुसऱ्या खोलीत कुणी चालतंय तसे. सहा दिवस सगळ्यांच्या माना मी तळहातावर झेलते. तीच ओळ, पण दुकानातली व्हर्नीस हळू गायची, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. इथे तिनं आवाज सोडला होता. काल नवरा गेला तिची मान, असं ती म्हणाली तेव्हा मला ती बाई आठवली. ती बाई मीच होते. माझा नवरा गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं माझे केस धुतले होते, अर्धा तास, एक शब्द न बोलता. ती ओळ माझी आहे हे मला त्या क्षणापर्यंत कळलं नव्हतं.

गाणं संपलं. एकही टोप हलला नव्हता. गेदरनं वहीत शून्य लिहिलं आणि सुई उचलली.

मी कंगवा खाली ठेवला आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"मिस्टर गेदर, आम्ही लबाडी केली."

सगळं सांगितलं. फोन, तिसरा नंबर, पढवलेल्या बायका. तो वही मिटून ऐकत होता.

"मिस इडेला," तो म्हणाला, "कारखान्यात ज्यानं लावलेला मोटारीचा दरवाजा नीट बसायचा नाही, तोही मला असंच काहीतरी सांगायचा. आज हात दुखत होता, आज सरकता पट्टा जोरात होता. तुमच्या मैत्रिणीचं गाणं पडलं म्हणून तुम्ही आता हे सांगताय. पास झालं असतं तर सांगितलं असतंत?"

"नसतं सांगितलं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

"मग? मी वहीतला आकडा खोडत नाही."

तेवढ्यात मागून आवाज आला. "इडेला."

मी वळले. सिस्टर पेटीग्रू उजव्या कानाला हात लावून बसल्या होत्या. मग त्यांनी हात पुढे केला. हातात केसांची बोटभर बट होती, टोकाला विस्तवानं जळलेल्या दोऱ्यासारखी.

"हे काय आहे?"

"तुमचे केस, सिस्टर."

"ते मलाही दिसतंय. ते माझ्या हातात का आहेत?"

टोप आता वर झाले होते. सहाजणी बघत होत्या. सिस्टर पेटीग्रू खुर्चीतून उठल्या, अंगावरच्या टॉवेलसकट, आणि गेदरसमोर आल्या. मला वाटलं, आता माझं दुकान बंद.

"तुमच्याकडे वही आहे ना?" त्या गेदरला म्हणाल्या. "काढा. अकरा वर्षं मी या बाईकडून केस करून घेते. कंगवा कानाच्या वीतभर अंतरावर आला तरी मी ओरडते. विचारा कुणालाही."

"कंगवा शेगडीवर असला तरी ओरडतात," क्लोटील म्हणाली.

"तू गप्प बस. आज माझा कान भाजला, केस जळले, नाकात वास गेला. आणि मला कळलं केव्हा? ती मुलगी गायची थांबली तेव्हा. मला ही तुमची गाणी आवडत नाहीत, मिस्टर. उद्या सकाळी मला चर्चमध्ये चालायचंय आणि आता मी कानापर्यंत टोपी ओढून चालणार. हे लिहा."

गेदरनं वही उघडली, पेन्सिल घेतली आणि कागदाकडे बघत राहिला. "पण हे कुठल्या रकान्यात लिहू, मॅडम?"

"नसेल तर आखा."

क्लोटील मधेच म्हणाली, "थांबा थांबा. म्हणजे तिसरं व्हर्नीसचं नव्हतं? मग मी हात लाल करून घेतले ते कुणासाठी?"

कुणीतरी हसलं, पण सिस्टर पेटीग्रूंनी बोट दाखवलं आणि हसू तिथेच थांबलं. "ड्रायर बंद करा," त्या म्हणाल्या. मी एकेक बटण बंद केलं. ईस्टरच्या आदल्या शनिवारी दुपारी तीन वाजता माझ्या दुकानातले सगळे ड्रायर बंद, असं ना आधी कधी झालं ना नंतर. बाहेरच्या बसचा आवाज ऐकू यायला लागला.

गेदरनं पुन्हा सुई टेकवली.

मी या वेळी गाण्यापेक्षा बायकांकडे बघत होते. कुणी टाळी वाजवली नाही, कुणी "गा" म्हटलं नाही. बाकावरची एक बाई मान मागे टाकून भिंतीला टेकली. क्लोटीलच्या हातात माशाचा अर्धा तुकडा होता, तो तिथेच राहिला. माझ्या आयुष्यात मी तिला पहिल्यांदा तोंड मिटून बसलेलं बघितलं. सिस्टर पेटीग्रू उभ्याच होत्या, डोळे मिटून, ती बट मुठीत धरून. गाणं संपून रेकॉर्ड नुसतीच फिरत राहिली, तरी गेदरनं सुई उचलली नाही. तो बायकांकडे बघत होता आणि त्याच्या पेन्सिलीला काय करावं ते कळत नव्हतं.

"पुन्हा," बाकावरून कुणीतरी म्हणालं.

"रेकॉर्ड खराब होईल, मॅडम. नमुना आहे."

"होऊ दे. पुन्हा."

चार वेळा लावलं त्यानं. चौथ्यांदा आवाज खरखरायला लागला, तेव्हा त्यानं ती रेकॉर्ड खोक्यात ठेवली आणि मला म्हणाला, "घेतो. पण दुसऱ्या बाजूला, शेवटी."

"तिथपर्यंत कोण ऐकणार?"

"ज्याला ऐकायचं तो ऐकेल. आणि तिसरं पहिल्या बाजूला, पहिलं. आधी तेच वेगळं बाजारात काढणार."

"अहो, पण ते सहा आम्ही खोटे..."

"आकडा खोडत नाही म्हटलं ना, मिस इडेला." तो गंभीर होता की मला शिक्षा देत होता, ते अजून मला कळलेलं नाही.

संध्याकाळी मी व्हर्नीसला फोन केला आणि सगळं कबूल केलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग बारीक आवाजात, "सिस्टर पेटीग्रू?"

"हो."

"खरंच? किती जळले?"

"बोटभर. कानामागे."

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मी तिला म्हटलं, "रडू नको, उद्या चर्चला यायचंय, डोळे सुजतील."

लाल मोटारीचं गाणं मे महिन्यात निघालं आणि कुणी ढुंकून बघितलं नाही. आम्हाला बरी अद्दल घडली. जूनमध्ये मोठी रेकॉर्ड आली. पहिले दोन आठवडे तीही पडून होती. मग क्लीव्हलंडच्या एका रेडिओवाल्यानं दुसरी बाजू लावली आणि काढायची विसरला म्हणे, किंवा विसरल्याचं नाटक केलं. शेवटचं गाणं संपेपर्यंत त्याचे सगळे फोन वाजत होते. जुलैत शिकागो, मग मेम्फिस, मग न्यूयॉर्क. रेकॉर्डच्या दुकानांत बायका जाऊन म्हणायच्या, "ती केस धुणारीची द्या." गेदरला दोनदा, तीनदा, पाचदा छापायला टाकावी लागली. नाताळपर्यंत पाच लाख. त्यानं शेजारचं बुटांचं दुकान घेऊन मधली भिंत पाडली.

पहिली प्रत व्हर्नीसनं मला आणून दिली. पुढे तिचा फोटो होता, सुंदर, पण मी तो नंतर बघितला. आधी उलटी केली. मागे दहा गाण्यांची नावं, नऊ गाण्यांखाली कंपनीच्या माणसांची नावं, आणि दहाव्याखाली: शब्द आणि चाल, व्हर्नीस टॉलिव्हर. केस धुणाऱ्या बाईचं नाव, छापील, चकचकीत कागदावर. दुकानातल्या प्रत्येक बाईच्या हातातून ते कव्हर फिरलं. सिस्टर पेटीग्रूंनी चष्मा लावून ती ओळ वाचली, मग परत दिलं आणि म्हणाल्या, "अक्षर फार बारीक ठेवलंय." पुढे त्यांच्या घरी मी गेले तेव्हा बायबलच्या कपाटात, बायबलच्या शेजारी, त्यांची स्वतःची प्रत दिसली.

व्हर्नीसनं नंतर आणखी सात रेकॉर्ड काढल्या, मोठ्या गावांत गायली, परदेशांत गायली. तिला जाऊनही आता नऊ वर्षं झाली. मी दुकान विकलं, गुडघे गेले, पण डोकं शाबूत आहे.

मागच्या वर्षी नातीबरोबर बाजारात गेले होते. तिथे जुन्या रेकॉर्ड विकणारं एक दुकान निघालंय. विकणारा दाढीवाला गोरा तरुण, सभ्य. मी व्हर्नीसचं नाव सांगितलं. त्यानं एक काढली, दिव्याखाली तिरकी धरली आणि ओशाळला.

"आजी, खरं सांगतो, ही घेऊ नका. नऊ गाणी अगदी नव्यासारखी आहेत, पण दुसऱ्या बाजूचं शेवटचं गेलंय. हे बघा, कसं पांढरं पडलंय. सुईनं खाल्लंय."

"दुसरी आहे?"

त्यानं खालून आणखी दोन काढल्या. तिरक्या धरल्या. त्याच्या कपाळावर आठी पडली. "कमाल आहे. याही तिथेच गेल्यात. बाकी कुठे ओरखडा नाही." तो माझी माफी मागायला लागला, जणू त्यानंच खराब केल्या होत्या. म्हणाला, "कुणाच्या घरातून आल्या कोण जाणे, गावं तेवढी माहीत आहेत. ही टोलेडो गावची आहे, ही फ्लिंटची, ही इथलीच. माणसं कशीही वापरतात."

मी तिन्ही काउंटरवर शेजारी शेजारी मांडायला लावल्या. टोलेडोची कुणी बाई, फ्लिंटची कुणी बाई, इथलीच कुणी बाई. तीन काळ्या तबकड्या, आणि तिन्हींच्या मध्याशी शेवटच्या गाण्याचं तेच एक पांढुरकं कडं, पुन्हा पुन्हा सुई ठेवून ठेवून झिजलेलं. माझी नात म्हणाली, "आजी, बरी आहेस ना? बसतेस का?"

"तुझ्याकडे वाजवायचं यंत्र आहे?" मी त्या मुलाला विचारलं.

"आहे. पण आजी, शेवटचं लावलंत तर नुसती खरखर ऐकू येईल."

"तेच लाव," मी म्हटलं. "आधी या टोलेडोवालीची."